हनुवटी वर का जात होती

पणजीत मळ्याच्या बाजूला एक जुनं पोर्तुगीज काळातलं घर आहे, त्यात आता हिशेबाचं काम करणारं ऑफिस चालतं. मला तिथे बोलावलं होतं ते वरच्या मजल्यावरच्या मुलांसाठी. ही मुलं इंग्लंडमधल्या एका कंपनीचे हिशेब बघतात, आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाची बैठक तपासून घ्यायची, अशी अट त्या कंपनीने करारातच घातली होती. ब्रिटनमध्ये यासाठी १९९२ चे नियम आहेत, १ जानेवारी १९९३ पासून लागू झालेले. रोज सलग तासभर किंवा जास्त वेळ पडद्यासमोर काम करणाऱ्याच्या जागेची तपासणी मालकाने करायची. कामगाराने डोळे तपासून मागितले तर खर्च मालकाचा, आणि पडद्याच्या कामापुरता वेगळा चष्मा लागला तर तोही मालकाच्या पैशाने. आपल्याकडे पडद्यासमोर बसणाऱ्यांसाठी असा स्वतंत्र नियम नाही. त्यामुळे गोव्यात अशी तपासणी होते ती बहुतेक बाहेरच्या ग्राहकाने सांगितलं म्हणून.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, फोंड्याला क्लिनिक आहे. क्लिनिकमध्ये माणूस येतो तेव्हा दुखणं मुरलेलं असतं. पोटऱ्या, पाठ, मान, मनगट यांवर उपचार करून मी त्याला पुन्हा त्याच खुर्चीत पाठवते, आणि ती खुर्ची मी कधी पाहिलेली नसते. म्हणून ऑफिसात जाऊन बघायचं काम आलं की मी सहसा नाही म्हणत नाही.

वरच्या मजल्यावरचं काम सरळ होतं. मुलं पंचविशीतली, लॅपटॉपवर वाकलेली. लॅपटॉपचा पडदा उचलला की कीबोर्ड उंच होतो आणि कीबोर्ड खाली ठेवला की मान वाकते, तेव्हा वेगळा कीबोर्ड आणि माऊस द्यावाच लागतो. रोसा नावाची एक गुणपद्धत आहे, २०१२ मध्ये आलेली. खुर्ची, पडदा, फोन, कीबोर्ड, माऊस यांना गुण देऊन शेवटी एक आकडा काढतात. आकडा ५ च्या वर गेला की थांबायचं नाही, लगेच बदल करायचे. वर एक-दोघेच त्या रेषेजवळ होते. दुपारपर्यंत माझं आटोपलं.

खाली चहा येईपर्यंत थांबले होते, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरच्या ताईंकडे लक्ष गेलं. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने बारीक, गळ्यात मानेचा पट्टा. समोर व्हाउचरचा गठ्ठा, आणि त्या खाली बघून आकडा वाचायच्या, मग पडद्याकडे बघताना हनुवटी अशी वर उचलायच्या, जशी आपण देवळात कळसाकडे बघताना उचलतो. खाली, वर. खाली, वर. पट्टा घातलेली मान त्या पट्ट्याच्या काठावर टेकून मागे जात होती.

मी चहा तसाच ठेवला आणि जवळ गेले. "ताई, मी जरा इथे बसू का? तुम्ही तुमचं काम चालू ठेवा."

"बसा हो. पण मी तुमच्यात नाही. आमचं इथलंच काम, हॉटेलांचे हिशेब. तुम्ही वरच्यांच्या ना?"

मी बसले. जागेची तपासणी म्हणजे टेप घेऊन टेबल मोजणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. टेप लागतेच. पण माणूस तपासायला आलेल्या बाईसमोर पहिली दहा मिनिटं ताठ बसतो, शाळेत तपासनीस आल्यासारखा. खरी बैठक दिसते ती त्याला माझा विसर पडल्यावर. म्हणून मी गप्प बसून राहते आणि हात-पाय-मान कुठे जातात ते टिपत राहते.

फोन वाजला. तो त्यांनी डाव्या कानाने आणि खांद्याने धरला, कारण उजवा हात आकड्यांच्या बटणांवर होता आणि डाव्या हाताचं बोट व्हाउचरवरच्या ओळीवर. डावं कोपर टेबलाच्या काठावर टेकलेलं. टेबल जुनं, सागवानी, कडेला कोरीव पट्टी असलेलं. फोन ठेवून त्यांनी हात उचलला तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला त्या नक्षीचा ठसा उठलेला दिसला, लालसर, अगदी पाकळी न पाकळी. त्यांनी करंगळी दोन-तीनदा चोळली आणि पुन्हा कामाला लागल्या.

"करंगळीला काय होतं?"

"मुंग्या येतात. ही आणि शेजारचं बोट. मानेमुळे असणार. एक्स-रेत झीज दाखवली ना, तेव्हापासून हा पट्टा."

मानेच्या नसेमुळे करंगळीत मुंग्या येऊ शकतात, हे खरं आहे. पण करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून अगदी वरवर जाते. कोपर कुठे आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच नस. कोपर वाकवून रोज तास न् तास कडक काठावर दाबलं तर ती तिथेही चेपते. आणि पन्नाशीच्या पुढच्या मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांची दिसते, दुखत नसलेल्यांचीही. कोपरात की मानेत, हे ठरवायला नसांची तपासणी लागते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवून ती करून घ्या, असं मी त्यांना तिथेच चिठ्ठीवर लिहून दिलं.

पण हनुवटीचं कोडं वेगळं होतं. पडद्याखाली लाकडी स्टँड होता, वरच्या मजल्यावर होता तसाच. कंपनीने एकाच मापाचे स्टँड घाऊक आणून सगळ्यांच्या पडद्याखाली ठेवले होते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, हा नियम सगळीकडे छापलेला असतो, आणि तो बहुतेकांसाठी बरोबरही आहे. ताईंच्या पडद्याची कड डोळ्यांच्या किंचित वर होती. एवढ्याशा फरकाने कोणी कळसाकडे बघितल्यासारखी मान टाकत नाही.

"चष्मा कधीचा, ताई?"

"दीडेक वर्ष झालं. प्रोग्रेसिव्ह दिला म्हापशात. घरात, बसमध्ये छान आहे. इथे मात्र अक्षर पकडायला लागतं."

अक्षर पकडायला लागतं. मला हवं होतं ते सगळं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं बघायला असतो, खालचा जवळचं वाचायला, आणि मधे हातभर अंतरासाठी एक अरुंद पट्टा. कॉम्प्युटरचा पडदा असतो तो नेमका हातभर लांब. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला की समोर येतो काचेचा वरचा, लांबचा भाग, आणि अक्षरं धुरकट दिसतात. मग माणूस हनुवटी उचलून काचेचा खालचा भाग अक्षरांसमोर आणतो. आपण असं करतोय हे त्याला कळतही नाही. डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते मागे टाकून धरायचं काम मानेमागचे स्नायू दिवसभर करत राहतात. प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी चष्मा असेल तर पडदा नेहमीपेक्षा खाली घ्यायचा आणि थोडा मागे कलवायचा. या कामात हे नवीन नाही, तरी ग्राहक कंपनीने पाठवलेल्या फॉर्मात चष्म्याबद्दल एकही प्रश्न नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. चाळिशीनंतर चष्मा लागणारी माणसं ऑफिसात अपवाद नसतात.

"स्टँड कधी आले?"

"मे महिन्यात. चवथीला माझ्या गळ्यात पट्टा."

त्यांची परवानगी घेऊन मी मोबाईलवर बाजूने दोन फोटो काढले. एक खाली बघताना, एक वर. मग स्टँड काढला, पडदा सरळ टेबलावर ठेवला, वरचा भाग किंचित मागे कलवला आणि तिसरा फोटो काढला. तिन्ही त्यांना दाखवले. त्या बराच वेळ दुसरा फोटो बघत राहिल्या.

"ही मी अशी बसते?"

"चष्मा बसवतो तुम्हाला अशी."

मग बाकीचं उलगडत गेलं. टेबल पाऊण मीटर उंच होतं, आपल्याकडे बहुतेक टेबलं असतात तेवढंच. ताई पाच फुटांच्याही आतल्या. कोपर टेबलाच्या उंचीला यावं म्हणून त्यांनी खुर्ची वर घेतली होती, आणि पाय जमिनीपासून चांगले वीतभर अधांतरी. पाय लोंबकळले की मांड्यांखाली खुर्चीची कड रुतते, म्हणून माणूस पुढे सरकून कडेवर बसतो. मग पाठीला आधार उरत नाही, आणि सगळा भार टेबलावर टेकलेल्या कोपरावर येतो. ताईंची पाठ खुर्चीला टेकलेली मी एकदाही पाहिली नव्हती. स्टोअरमधून ए-फोर कागदाचे रीम मागवून पायांखाली रचले. एक रीम जेमतेम दोन इंच, तेव्हा चार-चारच्या थप्प्या. पाय टेकले तशा त्या आपोआप मागे सरकल्या आणि पाठ टेकली. व्हाउचरसाठी एक जाड फाइल तिरकी करून पडदा आणि कीबोर्डच्या मधे ठेवली, म्हणजे खाली-वर करण्याचं अंतर निम्म्यावर आलं. फोनला इअरफोन लावला. टेबलाच्या काठावर तात्पुरता नॅपकिन दुमडून चिकटवला.

तीननंतर आणखी एक गोष्ट दिसली. पावसाळा ओसरला होता, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत यायला लागलं आणि पडद्यात ताईंच्या मागची अख्खी खिडकी दिसू लागली. त्या डावीकडे कलून अक्षरं वाचू लागल्या. खिडकी पाठीमागे असेल तर उजेड पडद्यावर उमटतो, समोर असेल तर डोळ्यांवर येतो. खिडकी बाजूला यायला हवी. म्हणजे टेबल फिरवायला हवं होतं.

मॅनेजर आले ते थोडे वैतागलेलेच. "मॅडम, यादी वरच्यांची होती. आणि स्टँड काढलात? तुमच्याच फॉर्मात लिहिलंय ना पडदा वर हवा म्हणून?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ताईंचा चष्मा लावायला दिला. नंबर त्यांचा वेगळा, तेव्हा हे शास्त्र म्हणून मी सांगत नाही. पण वरच्या काचेतून आणि खालच्या काचेतून पडदा किती वेगळा दिसतो, तेवढं त्यांना कळलं. मग मी त्यांना रोसाचा आकडा दाखवला. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांपेक्षा ताईंचा आकडा जास्त होता: ७. ज्यांच्यासाठी मला बोलावलं होतं त्यांना त्रास होण्याआधी सावध करायचं होतं. ज्यांना त्रास होतच होता, त्यांना विचारलं कोणी नव्हतं, कारण त्यांचा ग्राहक गोव्यातला.

ते गप्प झाले. मग म्हणाले, "टेबल मालकांच्या आजोबांचं आहे. जागचं हलवलेलं नाही कधी." आणि त्यांनीच वरच्या तीन मुलांना हाक मारली.

चष्म्याचं बोलणं मात्र लांबलं. हातभर अंतराचा, फक्त पडद्यासाठीचा वेगळा चष्मा घेतला तर ताईंचा प्रश्न मुळातून सुटणार होता. वाळपईहून कदंबाच्या बसने रोज जाऊन-येऊन करणाऱ्या, महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न असलं की शेवटची बस पकडणाऱ्या बाईला मी "चष्मा घ्या" एवढंच सांगून निघू शकत नव्हते. मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर कोणाला असा चष्मा लागला असता, तर करारामुळे तुम्ही दिला असता. खाली का नाही?" त्यांनी मालकांना फोन लावला, माझ्यासमोरच. ताईंच्या चष्म्याचे पैसे कंपनी देईल, असं ठरलं.

तासाला पाच-दहा मिनिटं उठायचं, हेही मी सांगितलं. दोन तासांनी एकदम वीस मिनिटं उठण्यापेक्षा ते बरं. त्यावर ताई म्हणाल्या, त्या पाणीच कमी पितात, कारण बाथरूम मागच्या अंगणापलीकडे आहे आणि परत येईपर्यंत फोन वाजून जातो. फोन दुसऱ्या कोणी घ्यायचा, एवढा एक बदल मॅनेजरनी लगेच केला.

काही आठवड्यांनी पुन्हा गेले. पायांखालच्या रीमच्या जागी मेस्त्रीने करून दिलेली तिरकी फळी होती, टेबलाच्या काठाला रबरी पट्टी. संध्याकाळची डोकेदुखी गेली होती, पट्टा ड्रॉवरमध्ये. करंगळीचं मात्र अजून पूर्ण बरं नाही. तपासणीत नस कोपराजवळच मंदावलेली निघाली. रात्री कोपर दुमडून झोपायचं नाही, म्हणून त्या हाताला टॉवेल गुंडाळून झोपतात. नस हळूहळूच भरून येते आणि किती येईल, हे मी त्यांना आज खात्रीने सांगू शकत नाही, तसं मी सांगितलंही.

निघताना त्या म्हणाल्या, "आमच्या रात्रीच्या वॉचमनकाकांना पण बघा हो एकदा. कॅमेऱ्यांचा टीव्ही छताजवळ टांगलाय, आणि त्यांचा चष्मा माझ्यासारखाच." मी वर जाऊन मॅनेजरना सांगितलं. टीव्ही खाली घ्यायला ते त्याच दिवशी तयार झाले. काकांच्या चष्म्याच्या पैशांचं अजून ठरायचं आहे, आणि त्यासाठी मालकांना द्यायचं पत्र मी लिहून ठेवलं आहे.