लाइट कर्टन लावला, मग आउटपुट तपासले

प्रेसवर टाइप ४ (सर्वांत वरच्या सुरक्षा पातळीचा) लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवून झाला आणि चाचणीचं काम माझ्याकडे आलं. बीम जुळले होते, ते झेलणाऱ्या रिसीव्हरवर हिरवा दिवा होता, त्यामुळे उत्पादन विभागाच्या लेखी विषय संपला होता. (त्यांना मशीन कायम कालच हवं असतं.)

आधी टेस्ट रॉड. कर्टनचं रिझोल्यूशन (त्याला नक्की ओळखू येणारी सर्वांत लहान जाडी) ३० मिमी, म्हणून रॉडही ३० मिमी व्यासाचा. तो वरून खाली सावकाश न्यायचा: किरण सोडणाऱ्या एमिटरला लागून, मधून, आणि रिसीव्हरजवळून. तेवढा सगळा वेळ दिवा लालच राहायला हवा. मधल्या फेरीत तळाशी तो क्षणभर हिरवा झाला. शोधलं तर शेजारी चकचकीत स्टीलचं कव्हर! रॉडने अडवलेला बीम त्यावर आपटून वळशाने रिसीव्हरला पोचत होता. कव्हर मागे सरकवलं, पुन्हा रॉड फिरवला. लाल तो लालच.

मग कर्टन आणि प्रेसच्या धोक्याच्या भागामधलं किमान अंतर. प्रेस थांबायला लागणारा वेळ मोजला, त्यात कर्टन आणि त्याच्या इशाऱ्यावर प्रेस थांबवणाऱ्या सेफ्टी रिलेचा प्रतिसाद मिळवला, एकूण ०.२ सेकंद. आयएसओ १३८५५ या सुरक्षा-अंतराच्या मानकाच्या सूत्राने (२००० हा हाताचा वेग, मिमी प्रति सेकंद) २००० × ०.२ + ८ × (३० − १४), म्हणजे ५२८ मिमी. उत्तर ५०० च्या वर गेलं की २००० ऐवजी १६०० घेता येतात. तसं ४४८ येतं, पण मग ५०० च्या खाली जायची मुभा नसते. म्हणून ५०० धरलं.

खरा घोळ आउटपुटवर झाला. ऑपरेटरच्या स्क्रीनवर ‘कर्टन अडला’ हा संदेश सारखा यायचा-जायचा, प्रेस मात्र बिनदिक्कत चालू. कर्टन परत पाठवा, असंही कोणी सुचवलं. मल्टिमीटरवर दोन्ही ओएसएसडी (कर्टनचे सेफ्टी आउटपुट) स्थिर २४ व्होल्ट. ऑसिलोस्कोप लावल्यावर दिसलं: दोन्ही वायरींवर ठराविक अंतराने एक मिलिसेकंदाहून बारीक खाचा, आणि त्या कधीच एकाच वेळी पडत नव्हत्या.

हा बिघाड नव्हता, कर्टनची स्वतःची तपासणी होती. तो एकेक आउटपुट क्षणभर बंद करून व्होल्टेज खरंच खाली येतं का, ते बघतो. वायर २४ व्होल्टला किंवा दुसऱ्या आउटपुटला चिकटलेली असेल तर ते खाली येत नाही आणि कर्टन दोन्ही आउटपुट बंद करून लॉकआउटमध्ये (कुलूपबंद अवस्थेत) जातो. सेफ्टी रिले या खाचांकडे दुर्लक्ष करतो. इथे स्क्रीनसाठी तीच वायर पीएलसीच्या (मशीनच्या कंट्रोलरच्या) फास्ट इनपुटलाही जोडली होती आणि ते प्रत्येक खाच ‘अडला’ म्हणून वाचत होतं. इनपुट फिल्टर वाढवूनही भागलं असतं, पण मी ती वायर काढली आणि स्क्रीनला रिलेचा सहायक संपर्क दिला. सेफ्टीच्या वायरीवर पाहुणे नकोतच.

मोटर बंद ठेवून एक आउटपुट जंपरने २४ व्होल्टला जोडला, लगेच लॉकआउट. दोन्ही आउटपुट एकमेकांना जोडले; तेच. शेवटी कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) एनसी संपर्कांची फीडबॅक वायर, म्हणजे तो खरंच सुटला हे रिलेला सांगणारी, सोडली, कर्टनमध्ये हात घातला, काढला आणि रिसेट दाबलं. रिले चालू झाला नाही, म्हणजे बरोबर. वायर परत जोडली, रिसेट दिलं, सगळे निकाल नोंदवले आणि प्रेस त्यांच्या ताब्यात दिली.