ओळख नसताना प्रयोगशाळेत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गावी गेले की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-नेरकडच्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शिरायला ओळख लागते का?"

मला कुणाचीही ओळख नव्हती. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. मी बी.एस्सी.ला असताना २०१७चा हंगाम आला. बोंड बाहेरून हिरवंगार, आत मात्र गुलाबी अळीनं सरकी पोखरलेली. वेचायला गेलं की कापूस कमी, कवडी (नीट न फुटलेला, डागाळलेला कापूस) जास्त. बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं बीटी बियाणं २००२ साली आलं, तशी दोन जनुकं असलेलं २००६ साली. मग अळी मरत का नाही, असं बाबांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

त्या हिवाळ्यात मी प्राध्यापकांना ई-मेल पाठवत सुटले. 'मला संशोधनाची आवड आहे, कृपया संधी द्यावी.' अकरा जणांना पाठवला, एकाचंही उत्तर नाही. आज तसे ई-मेल मलाही येतात आणि त्यांचं काय करावं हे मला खरंच सुचत नाही, कारण लिहिणाऱ्याला नेमकं काय पाहिजे तेच त्यात नसतं.

बाराव्या वेळी मी वेगळं केलं. बोंडअळीत बीटीविरुद्ध आलेल्या प्रतिकारशक्तीवरचा एक शोधनिबंध शब्दकोश घेऊन तीन संध्याकाळी वाचला. मग ज्यांनी तो लिहिला त्या बाईंना आमच्या वावरातले आकडे कळवले. पावसाआधी टोबलेल्या (पेरलेल्या) पऱ्हाटीत शंभर फुलांमागे १४ डोमकळ्या, पाऊस पडल्यावर टोबलेलीत ५. (अळी पाकळ्या धाग्यांनी जखडून टाकते आणि फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं, ती डोमकळी.) असा फरक का पडतो, एवढंच विचारलं. दोन दिवसांत उत्तर आलं: "मोजणीची वही आहे का? घेऊन या."

ती वही बाबांमुळे झाली होती. मी घरात बसून अंदाजानं आकडा टाकत होते, तेव्हा ते म्हणाले होते, "वावरात जाऊन पाय, मंग लिही."

प्रयोगशाळेतले पहिले तीन महिने मी काचसामान धुतलं, अळ्यांचं खाद्य शिजवलं, आणि मोठ्या अळ्यांतले नर-मादी वेगळे करायला शिकले. नराच्या पाठीतून गडद ठिपका दिसतो; नजर बसायला वेळ लागतो. एका रात्री वीज गेली, खोली तापली आणि अख्खी पिढी मेली. एका पिढीला साधारण महिना लागतो, म्हणजे तेवढा महिना गेला. बाईंनी फक्त घडलं तसं वहीत लिहायला लावलं. अशी माणसं मिळणं विषयापेक्षा मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मार्गदर्शकाला भेटण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांसोबत चहा प्या. पीएच.डी. किती वर्षांत संपते, शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं लागतं, चुकलं तर काय होतं, हे त्यांनाच विचारा.

पैशाचंही स्पष्ट सांगते. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून पीएच.डी.साठी मिळणारी फेलोशिप) मिळाली तर २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आहेत. पण माझा पहिला हप्ता सात महिन्यांनी जमा झाला. तोवर खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मावशीनं दिले. ज्याला मावशी नाही त्यानं काय करायचं, याचा राग मला अजून आहे. तेव्हा निदान सहा महिन्यांची सोय बघून निघा. बी.एस्सी.ला असाल तर आधी दोन महिन्यांची चव घेता येते: देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिचा अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीकडेच भरावा लागतो.

आणि नेरहून फोन केलेल्या मुली, तुझ्या वावरात पाती-फुलं लागली असतील. एक कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारा) लाव. रोज सकाळी त्यातले पतंग मोज. सलग तीन रात्री आठ-आठ सापडले तर फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली असं धरतात, ते घरीही सांग. वही जाड पुठ्ठ्याची घे, दवानं भिजते.