दोनशे, दोनशे, दोनशे

एका पेशंटच्या कालच्या इनटेक-आउटपुट चार्टवर (अंगात किती पाणी गेलं, किती बाहेर पडलं, याचा तक्ता) लघवीचे आकडे, मिलीमध्ये: सकाळी 200, दुपारी 200, रात्री 200. किडनी इतकी शिस्तीची कधीपासून झाली? पहिला आकडा मोजलेला असेल. मधला माझा आहे.

तसं एवढंसंच. पण तीन पाळ्यांचे मिळून 600, म्हणजे तासाला 25 मिली. 60 किलोच्या माणसाला निदान 30 तरी हवी. आकडा खरा असेल तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करायला हवा होता, आणि खोटा असेल तर... दोन्हीकडून अडकलेच.

आज सकाळचं वजन 1.4 किलोने जास्त. एका दिवसात चढलेला किलो म्हणजे साधारण लिटरभर पाणीच. काटा तोच, वेळ तीच, कपडे तेवढेच, लघवी करून आल्यावर घेतलेलं. आणि चार्टवर जमाखर्च जवळपास जुळलेला! अँटिबायोटिकच्या 100 मिलीच्या तीन बाटल्या, फ्लश (शिरेतली नळी साफ ठेवायला सोडलेलं सलाइन), गोळ्यांबरोबरचं पाणी, चघळलेला बर्फ (तो निम्मा धरायचा), काहीच लिहिलेलं नाही. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. नातेवाईक विचारत होते, "सिस्टर, सूज कशाने आली?" जाऊ दे.

वीस पेशंटना दोघी. युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करा, मोजपात्र शोधा, डोळ्याच्या पातळीला धरून वाचा. आमची दमछाक कोण मोजतं?

पण केसीएल, म्हणजे सलाइनमधून द्यायचं पोटॅशियम, याच आकड्याच्या भरवशावर लागतं. लघवी होत नसेल तर पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. आणि केसीएलच्या बाबतीत मी केवढी काटेकोर! थेट शिरेत कधीच नाही. लटकत्या बाटलीत टोचायचं नाही. खाली उतरवून, घालून, चांगली उलटीपालटी करायची. नाहीतर जड औषध तळाशी बसतं आणि सुरुवातीलाच सगळं अंगात जातं. हाताच्या शिरेतून तासाला 10 मिलीइक्विव्हॅलंटच्या (पोटॅशियम मोजायचं एकक) वर नाही, तरी शीर जळजळते का ते विचारत राहायचं. एवढा सगळा सोपस्कार, आणि ज्यावर तो उभा तो आकडा अंदाजपंचे.

आज पाळी संपताना 385 भरली. पात्र टेबलावर ठेवून, वाकून दोनदा वाचली. रात्रपाळीची हसली, "380 लिहा की, सिस्टर."

385च लिहिलं.