घट्ट बसणारे पेप्टाइड आणि कर्करोगाचे भाकीत

कर्करोगाच्या रुग्णाची पुढची वाटचाल कशी राहील हे ताडण्यासाठी संगणकाला अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो: गाठीतील बदललेल्या प्रथिनाचा एखादा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, त्या रुग्णाच्या पेशींवरील एचएलए या रेणूला चिकटेल का? प्रश्न रास्त आहे आणि संगणक त्याचे उत्तरही बऱ्यापैकी देतो. माझा आक्षेप आहे तो त्या उत्तरालाच रुग्णाच्या आयुष्याचे भाकीत समजण्याच्या घाईला.

पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर टी-पेशींपुढे, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींपुढे, मांडत असते आणि हे काम पहिल्या वर्गाचे एचएलए रेणू करतात. या रेणूवरील खाच दोन्ही टोकांना बंद असल्यामुळे तिच्यात साधारणतः ८ ते ११, बहुतेकदा ९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मावते. एचएलए-ए*०२:०१ या बहुचर्चित प्रकारात दुसऱ्या जागी ल्युसिन किंवा मेथिओनिन आणि नवव्या जागी व्हॅलिन किंवा ल्युसिन असेल, तर ती खाचेतील खळग्यांत रुतून बसतात. मधली काही अमिनो आम्ले मात्र वर उचललेली राहतात आणि टी-पेशी मुख्यतः तीच चाचपते. म्हणून उत्परिवर्तन नेमके कोठे घडले याला महत्त्व आहे. ते दुसऱ्या जागी घडले, तर पूर्वी न चिकटणारा तुकडा चिकटू लागेल. पाचव्या जागी घडले, तर बंध जवळपास तेवढाच राहून टी-पेशीला दिसणारा चेहरा बदलेल.

एका अमिनो आम्लाच्या बदलातून त्या बदलासह ९ वेगवेगळे नऊ-आम्ली तुकडे निघू शकतात आणि रुग्णाकडे एचएलए-ए, बी व सी मिळून ६ पर्यंत प्रकार असतात, म्हणजे एका बदलामागे ५४ जोड्या. प्रत्येक जोडीच्या अणूंची हालचाल फेमटोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशांच्या, पावलांनी मोजत बसणे परवडणारे नाही. म्हणून नेटएमएचसीपॅनसारखी न्यूरल नेटवर्कवर आधारलेली साधने वापरतात, जी पेप्टाइडबरोबर खाचेतील अमिनो आम्लांचा क्रमही वाचतात आणि त्यामुळे प्रयोगात फारसे न तपासलेल्या एचएलए प्रकारांबद्दलही काही सांगू शकतात. अर्थात, जिथे प्रयोगांची माहिती तुटपुंजी आहे तिथे हा आत्मविश्वास जरा बेतानेच घ्यावा.

बंधाची ताकद नॅनोमोलर या संहतीच्या एककात सांगतात; आकडा जितका लहान, तितका बंध घट्ट. त्यात ५०० नॅनोमोलर ही रूढ सीमारेषा सोयीची आहे, पण ४९० चे पेप्टाइड पास आणि ५१० चे नापास ठरावे, असा निसर्गात काही नियम नाही. शिवाय बंधाच्या आधी आणि नंतरही बरेच काही घडावे लागते: ते जनुक गाठीत व्यक्त व्हायला हवे, प्रोटिआसोमने (पेशीतील प्रथिने कापणाऱ्या यंत्रणेने) तुकडा योग्य जागी कापायला हवा, तो ओळखणारी टी-पेशी शरीरात असायला हवी. त्यातच काही गाठी एचएलएची जनुकेच गमावतात; मग कागदावरचा उत्तम बंध निरुपयोगी ठरतो.

भाकिताच्या दाव्यांत मला सर्वांत खटकते ते वेगळेच. चिकटणाऱ्या पेप्टाइडांची संख्या बहुधा एकूण उत्परिवर्तनांच्या संख्येबरोबरच वाढते. त्यामुळे रुग्णांचे दोन गट पाडून जगण्याच्या आलेखातील अंतर दाखवले, तरी ते बंधाच्या गणितामुळे पडले की निव्वळ उत्परिवर्तने मोजूनही पडले असते, हे कळत नाही. उत्परिवर्तनांची संख्या, आजाराचा टप्पा आणि वय आधीच हिशेबात धरून, प्रारूप घडवताना न वापरलेल्या रुग्णांवर ही तुलना केलेली नसेल, तर असा आलेख मी बाजूला ठेवतो.