नवी एनव्हीएमई बसवली: भरलेल्या ड्राइव्हची चाचणी

बूट ड्राइव्ह बदलून झाला. साटा जोडणीच्या एसएसडीच्या जागी १ टीबीचा एनव्हीएमई आला, म्हणजे पीसीआयई ३.० या जास्त वेगाच्या मार्गाने जोडलेला एसएसडी. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकते, हा साडेतीन हजारांपर्यंत जातो. तरी विंडोज सुरू होताना फरक जेमतेमच जाणवतो. तिथे बरंचसं काम विखुरलेले छोटे तुकडे वाचण्याचं असतं, आणि एका वेळी एकच मागणी असली की ४के रँडम रीड (४ केबीचे विखुरलेले तुकडे वाचण्याचा वेग) चांगल्या एनव्हीएमईवरही सेकंदाला साधारण शंभर एमबीच्या आतच राहतो.

म्हणून निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडून आधी नँड, म्हणजे डेटा साठवणारी चिप, पाहिली. टीएलसी प्रकारच्या नँडच्या एका सेलमध्ये ३ बिट, क्यूएलसी प्रकारात ४. दोन्हींत काही सेल तात्पुरते एकाच बिटने लिहितात, तीच एसएलसी कॅश. जाहिरातीतला लिहिण्याचा वेग तिचाच. ती संपली की काही क्यूएलसी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. मला मोठ्या व्हिडिओ फाइल सतत हलवाव्या लागतात, त्यामुळे टीएलसी आणि डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारी ड्राइव्हवरची मेमरी) दोन्ही हवेच होते. नुसत्या गेमसाठी डीरॅम नसलेला, होस्ट मेमरी बफरवाला (त्याऐवजी संगणकाची थोडी रॅम वापरणारा) ड्राइव्ह खुशाल घ्या.

मग चाचणी. एकच मोठा फोल्डर आधी रिकाम्या ड्राइव्हवर कॉपी केला, नंतर ड्राइव्ह जवळजवळ भरून पुन्हा केला. पहिल्यांदा वेग टिकला, दुसऱ्यांदा अर्ध्यातच कोसळला. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ही कॅश मोकळ्या जागेतूनच काढलेली असते. शिवाय नँडवर लिहिता येतं पानापानाने, पुसावा लागतो मात्र अख्खा ब्लॉक, म्हणजे अनेक पानांचा गट. जागा कमी असली की कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) आधी कामाची पानं दुसरीकडे हलवतो, मगच ब्लॉक पुसतो. आता २० टक्के जागा मोकळी सोडतो.

डीफ्रॅगच्या वाटेला जात नाही. विंडोजचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' एसएसडीला ट्रिम (कोणती जागा आता वापरात नाही हे सांगणारी आज्ञा) पाठवतं, लिनक्सवर तेच काम करणाऱ्या एफएसट्रिमचा टायमर आठवड्याला चालतो. जुनी साटा यूएसबी केसमध्ये घालणार असाल तर एक बघा: केसमधली साटा आणि यूएसबी जोडणारी ब्रिज चिप साथ देत नसेल तर ट्रिम ड्राइव्हपर्यंत पोहोचतच नाही.

टीबीडब्ल्यूची (ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येईल या कंपनीच्या आकड्याची) धास्ती मला अनाठायी वाटते. ६०० टीबीडब्ल्यूचा ड्राइव्ह रोज ५० जीबी लिहूनही ३२ वर्षं पुरेल. कंट्रोलर मात्र कधीही दगा देऊ शकतो, त्यामुळे बॅकअप चालूच आहे.

पुढची पायरी तापमानाची. थर्मल पॅड आणि हीटसिंक लावून हाच फोल्डर पुन्हा कॉपी करणार आहे.