फीड रीडर आवरायला घेतला

शनिवार, रात्र

आज सगळा दिवस फीड रीडर आवरण्यात गेला. फीड म्हणजे साइटवरच्या नव्या पोस्टींची एक फाइल, आणि रीडर म्हणजे अशा सगळ्या फाइली एका जागी वाचायचं अॅप. कधीपासून मनात होतं, रोज उघडायचं, न वाचलेल्यांचा आकडा बघायचा, वरच्या दहा-बारा गोष्टी चाळायच्या आणि बंद करायचं असं चाललं होतं. त्यात वाचायचं ते राहतच होतं. म्हणून आज ठरवून बसले आणि एकेक सबस्क्रिप्शन उघडून बघितलं, की हे कोण आहेत, किती लिहितात, आणि मी यांना नक्की कधी वाचते.

आधीचे फोल्डर होते विषयाप्रमाणे. विज्ञान, टेक, भाषा, बातम्या, चित्रकला आणि मग तो ‘इतर’. बहुतेक जण असंच लावतात आणि पुस्तकांच्या कपाटाला ते बरोबरही आहे, पण कपाटातलं एक पुस्तक दुसऱ्याच्या अंगावर येऊन पडत नाही ना, फीडमध्ये नेमकं तेच होतं. माझ्या विज्ञानाच्या फोल्डरमध्ये एक न्यूज साइट आहे जी दिवसभर टाकतच असते, आणि तिच्याच शेजारी एक बाई आहेत ज्या फक्त शेवाळावर लिहितात, वर्षातून तीन-चारदा, फार तर. विषय एक म्हणून दोघींना एका फोल्डरात ठेवलं की काय होणार ते उघड आहे.

त्यांची वसंतातली पोस्ट मला आज सापडली, म्हणजे इतक्या महिन्यांनी. पूर्ण वाळून तपकिरी झालेल्या शेवाळाच्या एका गादीवर त्यांनी पाण्याचे थेंब टाकलेत आणि दर थोड्या वेळाने फोटो काढलेत. पहिल्या फोटोत पानं खोडाला घट्ट चिकटून पिळलेली, मेलेलीच वाटतात, पुढच्यात टोकं सुटायला लागलीत, आणि काही मिनिटांतच सगळं हिरवंगार, पानं ताठ बाहेर आलेली. शेवाळाला खरी मुळं नसतात, पाणी ते थेट पानांतून शोषून घेतं म्हणून हे एवढ्या झटपट होतं, हे त्यांनी फोटोंच्या खाली दोन ओळींत सांगितलंय आणि संपवलंय. किती सुंदर पोस्ट! आणि ती शेकडो हेडलाइन्सच्या खाली पडून होती. त्या हेडलाइन्स आता कोणाला आठवतायत?

तिथेच मला कळलं की फोल्डर विषयाचे करायचेच नाहीत, माणूस किती वेळा बोलतो त्यावर करायचे. मग सगळं मोडलं. आता चारच फोल्डर आहेत. ‘कधीतरी’, ‘अधूनमधून’, ‘रोजचे’ आणि ‘बातम्या’. नावाच्या आधी आकडे टाकलेत म्हणजे ‘कधीतरी’ कायम सगळ्यात वर राहील, कारण रीडर फोल्डर नावाच्या क्रमाने लावतो. रीडर उघडला की पहिले तेच दिसले पाहिजेत जे क्वचित लिहितात. ज्यांनी तीन महिने विचार करून एक गोष्ट लिहिली त्यांच्यासाठी दहा मिनिटं सकाळीच काढायची, डोकं ताजं असताना. बातम्या काय, संध्याकाळी बघितल्या तरी त्याच असतात, उलट तोवर त्यातल्या निम्म्या शिळ्या झालेल्या असतात आणि वाचायचं कामच उरत नाही.

बातम्यांचं मात्र वेगळं काम करावं लागलं. आख्ख्या साइटचं फीड घेतलं की क्रिकेटपासून राशिभविष्यापर्यंत सगळं येतं. पण बऱ्याच साइट्स विभागाप्रमाणे वेगळी फीड्स देतात, ते शोधून हवे तेवढेच विभाग घेतले आणि मुख्य फीड काढून टाकलं. वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) चालणारी साइट असेल तर कुठल्याही कॅटेगरीच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन फीड लिहिलं की त्या कॅटेगरीचं फीड मिळतं, टॅगचंही मिळतं, अगदी एकाच लेखकाचंही मिळतं. हे मला फार आवडतं. एका मोठ्या साइटवर मला फक्त एकच लेखिका वाचायची असते, आता तिचंच फीड येतं, बाकीची साइट बिचारी तिच्या जागी सुखी. शिवाय दोन दिवसांपेक्षा जुनी बातमी आपोआप वाचलेली समजायची असा नियम लावून टाकला. माझ्या रीडरमध्ये ती सोय आहे, सगळ्यांत नसते.

दुपारभर मेलेल्या फीड्सकडे बघितलं. रीडर लाल खूण दाखवतो पण ती खूण वेगवेगळ्या कारणांनी येते, सरसकट डिलीट मारण्यात अर्थ नाही. काही ब्लॉग नुसते घर बदलून गेलेत, नव्या डोमेनवर तोच माणूस तेच लिहितोय, फक्त जुन्या पत्त्यावरून रीडायरेक्ट लावलेला नाही. त्यांची मुख्य पानं शोधली, पानाचा सोर्स उघडला आणि वरच्या हेड भागात लिंक रेल अल्टरनेट अशी ओळ शोधली, तिच्यात फीडचा पत्ता असतो, टाइपमध्ये आरएसएस किंवा अॅटम लिहिलेलं असतं, हे फीड लिहिण्याचे दोन प्रकार. चांगला रीडर साइटचा साधा पत्ता दिला तरी हीच ओळ वाचून फीड स्वतः शोधतो. पण काही थीम्समध्ये ती ओळच काढून टाकलेली असते, मग अंदाजाने जावं लागतं, वर्डप्रेसला स्लॅश फीड, ब्लॉगरला फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट असे तीन शब्द स्लॅश देऊन. ब्राउझर याबाबतीत पूर्वी मदत करायचे, आता बहुतेक नाही करत, फायरफॉक्सनेसुद्धा २०१८ च्या डिसेंबरमध्ये लाइव्ह बुकमार्क्स, म्हणजे बुकमार्कमध्येच फीड दाखवायची सोय, काढून टाकले. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण फीड नावाचं काही असतं हे नवीन माणसाला समजायची ती एक जागा होती.

काही ठिकाणी डोमेनची मुदत संपून ते भलत्याच कोणाकडे गेलंय. एका कवितेच्या ब्लॉगच्या जुन्या पत्त्यावर आता जुगाराच्या जाहिराती येतायत, फीडमध्येही. ते लगेच काढलं.

आणि मग राहिले गप्प झालेले. हे सगळ्यात जास्त आहेत. फीड व्यवस्थित चालू, एरर नाही, फक्त चार-पाच वर्षांत नवीन काही नाही. आवरण्याचे सल्ले देणारे सगळे म्हणतात सहा महिने पोस्ट नसेल तर काढा. मला हे अजिबात पटत नाही. गप्प फीडचा त्रास काय आहे सांगा? ते स्क्रीनवर दिसत नाही, आकड्यात भर घालत नाही. नेटवरही त्याचा भार नसल्यासारखाच असतो, म्हणजे रीडर सर्व्हरला विचारतो की मागच्या वेळेनंतर काही बदललंय का, सोबत जुनी तारीख किंवा ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) पाठवतो, आणि बदल नसेल तर सर्व्हर ३०४, म्हणजे ‘काही बदललं नाही’, एवढंच उत्तर देतो, फाइल पाठवतच नाही. दोन्हीकडून एकेक छोटा निरोप, झालं. एवढ्यासाठी एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याशी असलेला धागा तोडायचा? माझ्याकडे एक जण आहेत जे जुन्या नकाशांवर लिहायचे, मध्ये कित्येक वर्षं काहीच नाही, आणि मागच्या हिवाळ्यात एकदम एक मोठी पोस्ट आली, आजारपण, मग मुलीची शाळा, मग पुन्हा नकाशे. त्यांनी कुठेही जाहिरात केलेली नव्हती. ज्यांनी फीड ठेवलं होतं त्यांनाच ती दिसली असणार. दुसऱ्या कुठल्याही जागी, जिथे रोज न बोलणाऱ्याला खाली ढकलतात, तिथे ते परत आले हे मला कळलंच नसतं.

अजून एक कारण आहे. फीडच्या फाइलमध्ये सगळ्या पोस्ट नसतातच, वर्डप्रेसमध्ये मुळात शेवटच्या १० असतात, मालकाने आकडा बदलला तर वेगळं. यूट्यूब चॅनलच्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओ. आधीचं जे काही आहे ते तुमच्या रीडरने त्या त्या वेळी उचलून ठेवलं असेल तरच आहे. माझा रीडर जुनं पुसत नाही, त्यामुळे सबस्क्रिप्शन काढलं की त्यासोबत जमा झालेलं सगळं जातं, आणि आज बघितलं तर त्यातल्या काही साइट्स आता नेटवर कुठेच नाहीत. एका शिक्षकांचा गणिताच्या खेळांवरचा ब्लॉग पूर्ण गेलाय, पण त्यांच्या पोस्ट आकृत्यांच्या वर्णनासकट माझ्याकडे वाचता येतात. चित्रं नाहीत, कारण ती त्यांच्याच सर्व्हरवरून यायची. मजकूर तरी आहे. आणि तोही आहे कारण त्यांनी फीडमध्ये पूर्ण मजकूर दिला होता, नुसता सारांश नाही. ब्लॉग लिहिणाऱ्या कोणी हे वाचलं तर हात जोडून सांगते, सेटिंगमध्ये पूर्ण मजकूर निवडा. दोन ओळी आणि ‘पुढे वाचा’ देऊन एखादी क्लिक वाढेल, पण अशा वेळी काहीच मागे राहत नाही.

म्हणून गप्प असलेले सगळे ठेवले. सतत बोलणाऱ्यांना मात्र आवरलं.

डुप्लिकेट बरेच निघाले. एकच ब्लॉग आरएसएसनेही आणि अॅटमनेही, ब्लॉगर दोन्ही देतो ना, किंवा एकदा एचटीटीपी आणि एकदा एचटीटीपीएस. कमेंट्सची फीड्स पण होती काही. अॅटम आणि आरएसएसमध्ये वाचणाऱ्याला फरक काहीच पडत नाही, कुठलं तरी एक ठेवायचं. मी अॅटम ठेवते कारण त्यात प्रत्येक नोंदीला आयडी आणि बदलल्याची तारीख द्यावीच लागते, आरएसएसमध्ये तो आयडी, म्हणजे जीयूआयडी, ऐच्छिक आहे. याचाच त्रास होतो कधीकधी, एखादी साइट पत्ता बदलते, जीयूआयडीमध्ये जुना पत्ताच आयडी म्हणून वापरलेला असतो तोही बदलतो, आणि रीडरला वाटतं सगळ्याच पोस्ट नवीन आहेत. मागच्या महिन्यात असंच जुन्या पोस्टींचा ढीग एकदम अनरीड होऊन आला होता, आता कारण कळलं.

हे करताना कितीतरी फीड्स कच्च्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग्ज दिसतात अशा मूळ फाइलमध्ये, बघितली. आरएसएस असेल तर वरती व्हर्जन २.० लिहिलेलं असतं. ते २००२ चं आहे! मूळ आरएसएस तर १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये झालं, अॅटमचं प्रमाण २००५ च्या डिसेंबरमध्ये आलं, आणि त्यानंतर या फाइलच्या रचनेत वाचणाऱ्याला जाणवेल असं काही बदललेलं नाही. शीर्षक, लिंक, तारीख, मजकूर. पॉडकास्टसुद्धा हेच, फक्त एन्क्लोजर नावाच्या टॅगमध्ये ऑडिओ फाइलचा पत्ता. एवढ्या साध्या फाइलवर इतकी वर्षं इतकं चाललंय, आणि त्यात क्रम लावणारं मध्ये कोणी नाही, ज्याने जेव्हा लिहिलं तेव्हा ते येतं, हे मला खूप मोलाचं वाटतं. अॅप्स येतात आणि जातात. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला तेव्हा मी त्यावरच होते आणि भीती वाटली होती की सगळं गेलं, पण ओपीएमएल फाइल (सगळ्या सबस्क्रिप्शनची यादी असते ती) उतरवली, दुसरीकडे टाकली आणि दहा मिनिटांत सगळे पुन्हा हजर. तेव्हापासून दोनदा रीडर बदललाय तरी यादी तीच.

अनरीडचा आकडा बंद केला, सेटिंगमध्ये लपवता येतो. फक्त ‘कधीतरी’ला चालू ठेवलाय, कारण तिथे आकडा दिसणं म्हणजे कोणीतरी लिहिलंय. आत्ता तिथे दोन दिसतायत, एक वाचलं, एक उद्यासाठी.

धाकट्या मावसबहिणीने माझी यादी मागितलीये, तिला कुठून सुरू करावं कळत नाहीये. तिला आख्खी ओपीएमएल देणार नाही, फक्त ‘कधीतरी’ आणि ‘अधूनमधून’. पाठवायच्या आधी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून नीट बघितली, कारण पैसे भरून घेतलेल्या एका न्यूजलेटरचं खासगी फीड त्यात होतं आणि अशा फीडच्या पत्त्यातच आपली गुप्त किल्ली असते, ती दुसऱ्याकडे गेली की आपल्या नावावर कोणीही वाचू शकतं. ती ओळ काढली. एका खासगी पॉडकास्टची पण तशीच निघाली, ती पण काढली. शेवाळवाल्या बाईंना सगळ्यात वर टाकलं आणि फाइल पाठवून दिली. माझ्या पूर्ण यादीची कॉपी पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवली, नावात आजची तारीख घालून. पॉडकास्टचा फोल्डर अजून तसाच आहे, तो पुढच्या शनिवारी.