थकलेल्या पेशी, मेलेल्या नव्हेत

एचआयव्हीचा विषय निघाला की सगळं बोलणं सीडी४च्या, म्हणजे विषाणू ज्यांना लक्ष्य करतो त्या मदतनीस पांढऱ्या पेशींच्या, आकड्याभोवती फिरतं. तो महत्त्वाचा आहेच. पण सीडी८ पेशींचं, म्हणजे विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या लढाऊ पेशींचं, काय होतं हे त्यामुळे मागे पडतं, आणि ते मला राहूनराहून खटकतं. म्हणून आजची नोंद त्यांच्यावर.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विषाणू रक्तात शिगेला पोचतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या स्मृती (आधीची लागण लक्षात ठेवणाऱ्या) सीडी४ पेशींचा मोठा हिस्सा त्याच काळात नष्ट होतो. मग विषाणूला ओळखणाऱ्या सीडी८ पेशी झपाट्याने वाढतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) खाली आणतात आणि तो एका पातळीवर स्थिरावतो. एचएलए-बी५७ किंवा बी२७ (विषाणूचे तुकडे सीडी८ पेशींना दाखवणाऱ्या प्रथिनाचे वारशाने येणारे प्रकार) असणाऱ्या अनेकांत ही पातळी बरीच कमी राहते, कारण त्यांच्या सीडी८ पेशी विषाणूच्या गॅग या प्रथिनाचे असे तुकडे धरतात की ते बदलताना विषाणूचंच बळ घटतं.

फ्लूमध्ये विषाणू निघून जातो, बहुतेक लढाऊ पेशी मरतात, थोड्या स्मृती म्हणून उरतात. एचआयव्हीत मात्र विषाणूचं प्रथिन समोरून हलतच नाही. पेशीच्या ग्राहीवर (इशारा टिपणाऱ्या रेणूवर) रोज तोच इशारा येत राहतो, त्यात सीडी४कडून मिळणारी इंटरल्युकिन-२१ या संदेशरेणूची मदतही आटलेली. यातून थकवा येतो आणि तो साधारण एका क्रमाने येतो. इंटरल्युकिन-२ तयार करणं आणि विभाजन होणं आधी जातं, पुढे टीएनएफ, आणि इंटरफेरॉन-गॅमा सर्वांत शेवटी (हे तिन्हीही संदेशरेणूच). म्हणूनच फक्त इंटरफेरॉन-गॅमा मोजणाऱ्या एलिस्पॉट चाचणीवर विसंबू नये. तिथे ठिपके (एकेक ठिपका म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा सोडणारी एकेक पेशी) छान दिसतात, पण त्या पेशींची वाढण्याची ताकद कधीच गेलेली असू शकते.

थकलेल्या पेशीवर पीडी-१ हा तिला ब्रेकसारखा रोखणारा रेणू वाढतो. पुढे टिम-३, लॅग-३, टिजिट हे तसेच ब्रेकही दिसू लागतात. एकटा पीडी-१ हा पुरावा नव्हे, नुकत्याच सक्रिय झालेल्या निरोगी पेशीवरही तो असतो. २००६ साली रुग्णांच्या पेशींवर प्रयोगशाळेत पीडी-१चा मार्ग अडवला, तेव्हा त्या पुन्हा विभाजू लागल्या. या पेशी जिवंत आहेत, दाबून ठेवलेल्या आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जागेचीही अडचण आहे. लसिका ग्रंथींतल्या बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या) पुंजक्यांत विषाणूग्रस्त सीडी४ पेशी दडतात. तिथे शिरायला सीएक्ससीआर५ हा वाट दाखवणारा ग्राही लागतो आणि बहुतेक सीडी८ पेशींवर तो नसतो.

एआरटीने (एचआयव्हीविरोधी औषधोपचाराने) व्हायरल लोड मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली गेला की पीडी-१ उतरतो, पण पूर्ण नाही; टॉक्स या प्रथिनाच्या अमलाखाली जनुकांवर बसलेल्या खुणा सहजी पुसल्या जात नाहीत. उपचार जितके लवकर, तितका हा ठसा उथळ. अहवालात सीडी४-सीडी८ गुणोत्तरही पाहावं. निरोगी माणसात ते साधारण १च्या वर असतं. सीडी४ ६००वर पोचूनही सीडी८ १२०० असतील तर ते ०.५च राहतं.

मग कर्करोगात वापरतात ती पीडी-१ अडवणारी औषधं का देऊ नयेत? हा ब्रेक शरीराच्या स्वतःच्या ऊतींनाही वाचवत असतो. तो सोडला की थायरॉइड, फुप्फुसं, यकृत, आतडी यांवर प्रतिकारशक्तीच उलटू शकते. गोळ्यांवर विषाणू आटोक्यात असलेल्या माणसावर ही जोखीम लादणं मला आज तरी पटत नाही.